कॅफेतील न्याहारी आणि आपले पथ्यपत्र

आपल्यापैकी बहुतेकांच्या छापील पथ्यपत्राची शेवटची ओळ ठरलेली असते : ‘बाहेरचे खाणे पूर्णतः वर्ज्य.’ माझ्या चिकित्सालयातही ती वर्षानुवर्षे होती आणि तिचा पुनर्विचार करावा असे कधी वाटले नव्हते. गतवर्षी शरद ऋतूत अम्लपित्ताची तक्रार घेऊन एक विद्यार्थिनी नांदेड येथे माझ्याकडे आली. मुखेड तालुक्यातील खेड्यातून ‘नीट’च्या तयारीसाठी शहरात आलेली, भाग्यनगर परिसरातील वसतिगृहात राहणारी. तिने पथ्यपत्र शेवटपर्यंत वाचले आणि अत्यंत नम्रपणे विचारले, “सर, मग मी आत कुठे खाऊ?”

या प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी नव्हते. वसतिगृहाच्या खोलीत शेगडी लावण्यास मनाई. मेसचे जेवण ठरलेल्या वेळी. उरलेल्या वेळी जे काही मिळेल ते बाहेरच. नांदेड आणि लातूर या दोन शहरांत अशी सहस्रावधी मुले-मुली आज राहतात. ‘लातूर पॅटर्न’ने सुरू केलेली ही परंपरा नांदेडनेही तितक्याच जोमाने स्वीकारली आहे. (यांतीलच काही उद्या बी.ए.एम.एस.ला प्रवेश घेऊन आपल्यासमोर बसणार आहेत, हेही विसरू नये.) ज्यांना ‘घरचे’ उपलब्धच नाही त्यांना ‘बाहेरचे वर्ज्य’ असे लिहून देणे म्हणजे पथ्य सांगणे नव्हे, स्वतःची सुटका करून घेणे होय, असे मला त्या दिवशी वाटले. म्हणून पुढील दीड-दोन महिने मी एक उपक्रम केला. नांदेडला आठवड्यातून दोन वेळा, आणि रुग्णतपासणीसाठी लातूरला जाणे होई तेव्हा तेथे, न्याहारी किंवा दुपारचे जेवण कॅफेत घ्यायचे. वजिराबाद, श्रीनगर, भाग्यनगर. लातूरला औसा रोड आणि ट्यूशन एरिया. कॅफेंची नावे येथे देण्याचे प्रयोजन नाही. फलकावरील अक्षरे सोडली तर ती बहुतांशी सारखीच आहेत.

आपल्या भागाला बाहेरच्या न्याहारीचे वावडे कधीच नव्हते. नांदेड हे निजामी अमलातील शहर. पहाटे नहारी खाऊन कामाला लागणारी माणसे येथे पिढ्यान्‌पिढ्या होती, आणि आपली ‘न्याहारी’ व ती ‘नहारी’ हे शब्द एकाच घराण्यातले आहेत. लातूरला १९१७ साली गंजगोलाई उभी राहिली. तिच्याकडे येणाऱ्या सोळा रस्त्यांवरून गाड्या घेऊन आलेला शेतकरी आडतीचे काम उरकेपर्यंत कोठेतरी खातच असणार. तथापि या साऱ्या जागा पुरुषांच्या होत्या. स्त्रियांसाठी फार तर पडद्याआडची ‘फॅमिली रूम’. खेड्यातून आलेली सतरा वर्षांची मुलगी एकटी टेबलावर बसून, पुस्तक उघडून, निःशंकपणे खाऊ शकते असे ठिकाण या दोन शहरांत कॅफेने प्रथमच मोठ्या प्रमाणावर निर्माण केले. कॅफेवर टीका करण्यापूर्वी एवढे मान्य केलेच पाहिजे. आणखी एक गुण : मी गेलो त्या बहुतेक ठिकाणी मागणी दिल्यानंतरच पदार्थ तयार होऊन उष्ण स्वरूपात समोर आला. आहारविधीत उष्ण भोजनाला आद्य स्थान आहे, हे वाचकांना सांगण्याची आवश्यकता नाही.

आता दोष. माझी अपेक्षा अशी होती की दोष द्रव्यांत सापडतील : मैदा, चीज, गोठवलेले बटाट्याचे काप. ते आहेतच. परंतु जसजसे दिवस गेले तसतसे लक्षात येऊ लागले, की आपण आहारविधिविशेषायतनांपैकी केवळ पहिल्यावर, म्हणजे द्रव्याच्या प्रकृतीवर, अडून बसतो. खरा घोटाळा काल, संयोग आणि उपयोगसंस्था या ठिकाणी आहे.

त्या विद्यार्थिनीचा दिनक्रम मी लिहून घेतला होता. पहाटे साडेपाचला चहा-बिस्किट. साडेसहापासून शिकवणी. साडेदहाला मैत्रिणींसह कॅफे : चीज सँडविच व कोल्ड कॉफी. साडेबाराला मेस. मेसचे पैसे महिन्याचे आगाऊ भरलेले असल्याने ते जेवण सोडवत नाही. वडिलांनी सोयाबीन विकून दिलेले पैसे वाया कसे घालवायचे? सायंकाळी पाचला पुन्हा कॅफेत फ्राइज. रात्री नऊनंतर डबा. एक याम उलटण्यापूर्वी पुन्हा खाऊ नये आणि दोन याम उपाशी राहू नये, हा आपल्याकडील साधा दंडक. येथे पहाटेपासून साडेदहापर्यंत बिस्किटांवर अग्नी झुलवत ठेवलेला आणि पुढच्या दोन तासांत त्याच्यावर दोन गुरू आहार लागोपाठ टाकलेले. याला अध्यशन म्हणावे की विषमाशन, यावर वाद घालता येईल. अम्लपित्त व्हावे यात मात्र आश्चर्य काहीच नाही. साडेदहाला सँडविचऐवजी तिने मऊ भात जरी खाल्ला असता तरी अध्यशन ते अध्यशनच.

आणि येथे कॅफेची एक मूलभूत अडचण आहे. मी पाहिलेल्या बहुतेक कॅफेंची दारे दहाच्या आत उघडत नाहीत. न्याहारीचे पदार्थ मिळतात ते अकरा-बारापर्यंत, काही ठिकाणी तर दिवसभर. म्हणजे कॅफेतील ‘न्याहारी’ ही वस्तुतः न्याहारी नसून जेवणाच्या वेळेवर केलेले अतिक्रमण आहे. याउलट कोपऱ्यावरची टपरी सहाला सुरू होते. तेथे पोहे मिळतात, सुशीला मिळते, लातूरकडे तिखट निलंगा राइस मिळतो. मी दोहोंची तुलना मनाशी करीत असे. पृथुक गुरू, ते अल्प प्रमाणात घ्यावेत असे शास्त्र सांगते. आणि आपल्याकडची मुरमुऱ्यांची सुशीला करणभेदामुळे लाजांच्या जवळ जाणारी, पचावयास हलकी. मराठवाड्याने न्याहारीसाठी शोधलेला हा उत्तम पदार्थ मला एकाही कॅफेच्या मेन्यूकार्डावर दिसला नाही. टपरीवरील तेल मात्र अनेकदा पाहवत नाही. तळणाच्या तेलातील ‘टोटल पोलर कंपाउंड्स’ २५ टक्क्यांहून अधिक नसावीत असा नियम २०१८ पासून लागू आहे. टपरीवर तो कोण मोजणार? तेव्हा टपरीवर भजी नको, सुशीला चालेल, इतका विवेक रुग्णाला शिकवावा लागतो.

संयोगाबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण येथे आपल्या सल्ल्याचा खरा उपयोग आहे. कॅफेतील मेन्यूकार्ड सुटे वाचले तर फारसे भयंकर नाही. भयंकर असते ती जोडी. कोल्ड कॉफी आणि मिठाने माखलेले फ्राइज : दूध व लवण. स्ट्रॉबेरी किंवा अननस यांचा मिल्कशेक : दूध व अम्ल फळ. केळ्याच्या शेकबद्दलही ग्रंथोक्त निषेध आहे, जरी पालक आजही तो वजन वाढावे म्हणून आग्रहाने पाजतात. सर्वांत गंमत वाटली ती ‘हेल्थ ड्रिंक्स’ या मथळ्याखालील उकळत्या पाण्यातील मध-लिंबाची. मी वेटरला विनंती केली की पाणी कोमट होऊ द्यावे व मध वेगळा द्यावा. त्याने मध वेगळा आणून दिला, आणि “आजोबांच्या ऑर्डरचं काय झालं?” असे आत जाऊन मोठ्याने विचारले. माझे वय अद्याप आजोबा म्हणवून घेण्याचे नाही, परंतु त्या दालनात ते तसे दिसत असावे.

उपयोगसंस्थेविषयी माझा पूर्वग्रह पूर्णपणे चुकीचा ठरला. मी समजत होतो की तरुण मुले घाईघाईने गिळतात. तसे नाही. अतिद्रुत भोजन हा जुन्या हॉटेलांचा दोष होता, जेथे पाठीमागे उभा असलेला माणूस आपली खुर्ची रिकामी होण्याची वाट पाहत असे. कॅफेत दोष नेमका उलट आहे : अतिविलंबित भोजन. एक पिझ्झा चौघांत, दीड तास. मध्ये भ्रमणध्वनी, मध्ये छायाचित्रे, पुन्हा एक घास. उष्ण म्हणून आलेले अन्न थंड होते, तृप्तीची जाणीव बोथट होते, आणि निघताना आणखी काहीतरी मागविले जाते. अतिविलंबाचे हेच दोष आचार्यांनी सांगितले आहेत. विद्यार्थ्यांना शिकविताना हा भाग मी अनेकदा घाईत उरकला असेल, कारण त्याचे उदाहरण डोळ्यांसमोर नसे. आता आहे. याच नांदेडात गुरुद्वारातील लंगरमध्ये पंगतीत जमिनीवर बसून, समोर आलेले उष्ण अन्न शांतपणे जेवून उठणारी हजारो माणसे रोज दिसतात. त्यांतील कित्येक तरुण संध्याकाळी कॅफेतही असतात. माणूस तोच, उपयोगसंस्था भिन्न.

दुपारच्या जेवणाबद्दल माझे मत अधिक कठोर आहे. राइस बाउल, पास्ता, नूडल्स, आणि ‘थाळी’ म्हटली तर मैद्याची रोटी व पनीर. दीड-दोन महिन्यांत ज्वारीची भाकरी मला एका कॅफेत मिळाली, तीही ‘मिलेट स्पेशल’ या नावाने आणि दोन थाळ्यांच्या किमतीत. २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्य वर्ष म्हणून साजरे केले, त्याचा एवढाच अवशेष येथे उरला असावा. चरकाचार्यांनी जूर्णाह्व श्यामाकासमान गुणांचे सांगितले, म्हणजे कषाय-मधुर, लघू, शीत, संग्राही. जूर्णाह्व म्हणजे आपली ज्वारीच असे मानणाऱ्यांत मी आहे. वातूळपणाला उतारा म्हणून आपल्या आयाबायांनी भाकरीबरोबर शेंगदाण्याची चटणी, तेल, येसराची आमटी यांची योजना केली. वैशाखातील मराठवाड्यात पित्ताला याहून युक्त असे दुपारचे जेवण मला तरी ठाऊक नाही. ज्या जिल्ह्यातील बोरसुरीच्या तूर डाळीला आणि कास्तीच्या कोथिंबिरीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्याच जिल्ह्याच्या मुख्यालयात दुपारी साधे वरण मागितले तर वेटर गोंधळून पाहतो. मार्गशीर्षातील वेळ अमावास्येला मात्र हेच लातूर ओस पडते, आणि कॅफेत बसणारी तीच मुले शेतात जाऊन भज्जी, उंडे आणि अंबील पोटभर खातात. आवड संपलेली नाही, पुरवठा नाही.

काही स्नेह्यांनी सुचविले की आपण वैद्यांनीच ‘आयुर्वेदिक कॅफे’ काढावा. मला हे पटत नाही. ‘आयुर्वेद आहार’ या नावाने पदार्थ विकण्यासंबंधी केंद्रीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने मे २०२२ मध्ये स्वतंत्र नियम केले आहेत. त्यांत अधिकृत ग्रंथांचा आधार अपेक्षित आहे. आपण त्याकडे दुर्लक्ष करून मेन्यूकार्डावर हळदीचे दूध आणि अश्वगंधा-लाडू लिहिले, की आयुर्वेद म्हणजे महागडी चव एवढाच समज दृढ होईल. शिवाय त्या कॅफेत येतील ते सुखवस्तू, मुखेडची मुलगी येणार नाही. त्यापेक्षा आहे त्या कॅफेच्या चालकाशी बोलावे. लातूरच्या एका चालकाशी मी बोललो. तरुण आहे, हॉटेल व्यवस्थापन शिकलेला. मुगाचे धिरडे, ताक आणि सुशीला सकाळी आठपासून ठेवाल काय, असे विचारले. त्याने दोन गोष्टी सांगितल्या. आठला उघडायचे तर कामगारांची दुसरी पाळी लागते. आणि सुशीलेला वीस रुपयांवर कोणी देत नाही, तेवढ्यात जागेचे भाडे निघत नाही. दोन्ही मुद्दे रास्त आहेत. ताकाला मात्र त्याने होकार दिला आणि ते आता तेथे मिळते. त्यातील बर्फ काढून टाकण्याविषयी आमचे बोलणे अद्याप चालू आहे.

त्या विद्यार्थिनीला मी कॅफे सोडण्यास सांगितले नाही. दिवसभराच्या ताणात मैत्रिणींसोबतची ती अर्धी-पाऊण घटका तिच्या मनाला लागते, आणि सौमनस्य हेही पथ्यच आहे. केवळ वेळा बदलल्या. आठच्या मधल्या सुटीत टपरीवरील सुशीला, साडेबाराला मेस, पाचला कॅफेत उपमा किंवा इडली आणि त्यासोबत दुधाचे पेय नाही, रात्रीचा डबा साडेआठच्या आत. सहा आठवड्यांनी ती आली तेव्हा घशाशी येणारी जळजळ पुष्कळ कमी होती. अविपत्तिकर चूर्ण चालूच होते, त्यामुळे श्रेय कोणाचे हे मी सांगणार नाही.

माझ्या पथ्यपत्रावरून ‘बाहेरचे खाणे पूर्णतः वर्ज्य’ ही ओळ आता काढली आहे. तिच्या जागी रुग्ण जेथे राहतो त्या परिसराचे नाव लिहिण्यासाठी एक रिकामी रेघ आहे, आणि तिच्याखाली तीन रकाने : काय, कशासोबत, किती वाजता. रकाने हाताने भरावे लागतात आणि त्याला प्रत्येक रुग्णामागे पाच मिनिटे अधिक जातात. भाग्यनगर, श्रीनगर आणि औसा रोड येथील भरलेले नमुने माझ्यापाशी आहेत. ज्या वैद्यमित्रांना ते पाहावयाचे असतील त्यांनी पुढील त्रैमासिक सभेच्या वेळी अवश्य मागावेत. आणि परभणी, हिंगोली, धाराशिव येथील मंडळींनी आपापल्या शहरात एक-दोन सकाळी कॅफेत बसून तेथील रकाने भरून आणावेत.