होडी गावाची, म्हणून शर्यत झाली

३० जुलै २०२४ च्या पहाटे केरळात, वायनाडमधल्या मुंडक्कै आणि चूरलमला या वस्त्यांवर डोंगर कोसळला. दोनशेहून अधिक माणसे गेली, कित्येकांचा ठावठिकाणाही लागला नाही. त्या दिवशी आलप्पुळ्याच्या पुन्नमडा सरोवरातली नेहरू ट्रॉफीची होड्यांची शर्यत अवघ्या अकरा दिवसांवर आली होती. ती पुढे ढकलली गेली आणि ते योग्यच झाले. सरकारने ओणमचे सोहळे रद्द केले, पर्यटन खात्याची चॅम्पियन्स बोट लीगही रद्द केली. नेहरू ट्रॉफीला मात्र नवी तारीख लवकर मिळेना. आलप्पुळ्याच्या कुट्टनाड भागातली होडीमंडळे, होड्यांच्या गावसमित्या आणि वल्हेकरी यांनी मग शर्यतीची जाहीर मागणी लावून धरली, आणि २८ सप्टेंबरला शर्यत झाली. एकोणीस चुंडन होड्या पाण्यात उतरल्या. आदल्या वर्षी, काहीही आपत्ती नसताना, उतरलेल्या चुंडनांची संख्याही एकोणीसच होती. पुढे लीगसुद्धा कमी शर्यतींची का होईना, नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये पार पडली. वल्हवण्याच्या खेळात काम करणाऱ्या आपणा सर्वांसाठी त्या वर्षातली सर्वांत आश्वासक घटना आम्ही हीच मानतो. शर्यत झाली याचा आनंद आहेच. ती कोणामुळे झाली, हे त्याहून महत्त्वाचे आहे.

चुंडन वळ्ळम ही शंभर फुटांहून लांब होडी. आंजिलीच्या, म्हणजे रानफणसाच्या जातीच्या लाकडातून ती घडवली जाते. तीत ऐंशी-नव्वद वल्हेकरी दोन रांगांत बसतात, नाळेकडे तोंड करून हातातले आखूड वल्हे पाण्यात खुपसतात. मागच्या उंच टोकावर उभे राहून लांब वल्ह्यांनी दिशा धरणारे वेगळे, ठेका देणारे आणि गाणारे वेगळे. अशी होडी एका माणसाच्या ऐपतीची नसते. बहुतेक चुंडन गावाच्या किंवा वस्तीच्या समितीच्या मालकीचे असतात. वर्गणी आणि भाग गोळा करून ते बांधले जातात, पावसाळ्याआधी डागडुजी होते, वर्षभर शेडमध्ये राखण होते आणि उद्घाटनाला अख्खे गाव जमते. आरन्मुळ्याला पंपा नदीवर बावन्न गावांची बावन्न पळ्ळियोडमे आहेत. तिथे तर होडीकडे देवाची होडी म्हणूनच पाहिले जाते. मालकी अशी पसरलेली असली की शर्यत होणार की नाही हा प्रश्न कार्यालयातल्या फाइलीपुरता राहत नाही. तो घराघरात विचारला जातो. २०२४ च्या ऑगस्टमध्ये सरकारी कार्यक्रमपत्रिका कोरी झाली, तेव्हा त्या पत्रिकेच्या बाहेर उभा असलेला एक मोठा मालकवर्ग शिल्लक होता. त्याने होड्या शेडमध्ये परत नेल्या नाहीत.

या मालकवर्गाची ताकद यापूर्वीही दिसली आहे. २०१८ च्या महापुरात कुट्टनाड पाण्याखाली गेला. समुद्रसपाटीच्याही खाली भातशेती करणारा हा मुलूख. बांध फुटले की पाणी आठवडेच्या आठवडे हटत नाही. ११ ऑगस्टची शर्यत तेव्हा १० नोव्हेंबरला झाली. ज्यांची घरे पाण्यात गेली होती त्यांनीच तीन महिन्यांनी वल्ही हातात घेतली. नंतर २०२० आणि २०२१ ही दोन वर्षे करोनामुळे पूर्ण कोरी गेली. एका होडीत खांद्याला खांदा लावून बसणाऱ्या नव्वद माणसांच्या खेळाला याहून वाईट काळ सांगता येणार नाही. तरीही ४ सप्टेंबर २०२२ ला शर्यत परतली. मधल्या दोन वर्षांत होड्या कोरड्या पडून तडकल्या नाहीत, तेल आणि डागडुजी चुकली नाही, हे त्या त्या गावच्या समित्यांचे काम होते. खेळाच्या पानांवर त्याची बातमी होत नाही. आपल्या व्यवसायात मात्र या कामाची किंमत प्रत्येकाला ठाऊक असली पाहिजे.

यावर पहिला आक्षेप नैतिक आहे आणि तो गंभीरपणे घ्यायला हवा. राज्यात इतकी माणसे गाडली गेली असताना शर्यतीचा आग्रह धरणे शोभते का? शर्यत १० ऑगस्टलाच घ्या असा हट्ट मंडळांनी केला असता, तर हा आक्षेप बिनतोड ठरला असता. तसे घडले नाही. वाद होता तो ढकलण्याला तारखेची जोड द्यायची की नाही, एवढाच. सराव शिबिरे जुलैतच सुरू झाली होती. शेकडो वल्हेकऱ्यांचे जेवणखाण, रोजची मजुरी, होड्यांची डागडुजी यांवर मंडळांचे आणि गावांचे पैसे खर्च झाले होते आणि नव्या तारखेसाठी तोच खर्च पुन्हा करावा लागणार होता. म्हणजे मागणी पैशासाठी होती, असे कोणी म्हणेल. काही अंशी होतीच, आणि त्यात लपवण्यासारखे काही नाही. गाव स्वतःच्या खिशातून खेळ चालवते तेव्हा त्या पैशाचा हिशेब मागण्याचा हक्कही गावाला असतो. शर्यत रद्द केल्याने वाचलेला प्रत्येक रुपया वायनाडला पोचतो, हे गृहीतकही तपासून घ्यावे. शर्यत बुडाली की ज्यांचे उत्पन्न बुडते ते होडीवाले, हाउसबोटीवरचे कामगार, रोजंदारीवर वल्हवणारे तरुण, हीच मदतीला धावणारी माणसे असतात. शोक पाळायचा तर तारीख मागे न्यावी, कार्यक्रम साधा ठेवावा. खेळ पुसून टाकल्याने शोक अधिक खरा होत नाही.

दुसरा आक्षेप जास्त अडचणीचा आहे. गावाचा खेळ म्हणता, पण जिंकतो कोण? पळ्ळात्तुरुत्ती बोट क्लबने २०२४ मध्ये सलग पाचव्यांदा नेहरू ट्रॉफी जिंकली, आणि होडी दर वेळी निराळी होती; शेवटच्या चार अशा: २०१९ ला नडुभागम, २०२२ ला काट्टिल तेक्केतिल, २०२३ ला वीयपुरम, २०२४ ला कारिच्चाल. होडी गावाची, पण वल्हेकरी करारावर आलेले, काही तर परराज्यातले. हे वास्तव आहे आणि त्याने आम्हालाही अस्वस्थ केले आहे. खेळाचा वेग शिबिरात तयार होतो, शिबिराला पैसा लागतो आणि पैसा मोजक्या मंडळांकडे जमतो. तरीही या आक्षेपातून निघणारा निष्कर्ष आम्हाला मान्य नाही. वल्हेकरी बदलतात, होडी जागेवर राहते. कारिच्चालने २०२४ मध्ये सोळाव्यांदा ट्रॉफी जिंकली, आणि या सोळा विजयांमागे वल्हवणारी मंडळे वेगवेगळी होती. करारावरचे मंडळ पुढच्या वर्षी दुसरी होडी घेऊन जाऊ शकते. गाव मात्र आपली होडी सोडून जात नाही. अडचणीच्या वर्षी टिकून राहणारा घटक कोणता, याचे उत्तर इथेच आहे. परराज्यातल्या वल्हेकऱ्यांच्या संख्येवर मर्यादा असावी, ती काटेकोर पाळली जावी, आणि गावातल्या मुलांसाठी छोट्या होड्यांच्या गटांना बक्षिसाचा मोठा वाटा मिळावा, इतके मात्र आयोजकांना सांगायलाच हवे. स्त्रियांच्या तेक्कनोडी होड्यांची शर्यत याच दिवशी होते आणि तिच्याकडे अजून पुरेसे लक्ष जात नाही, हेही.

२०२४ च्या निकालावरून वादही झाला. कारिच्चालची वेळ ४ मिनिटे २९.७८५ सेकंद, वीयपुरमची ४ मिनिटे २९.७९० सेकंद. पाच सहस्रांश सेकंदांचा फरक, आणि तोही शंभर फुटांच्या होडीच्या नाळेवर मोजलेला. हरलेल्या बाजूने तक्रार केली, ती करण्याचा त्यांना अधिकार होता. असा निकाल यंत्रावर सोडायचा तर यंत्राची चाचणी शर्यतीआधी दोन्ही बाजूंसमोर व्हावी आणि अपिलाची समिती आधीच जाहीर असावी. आपल्याकडच्या लहान स्पर्धांनाही हे तंतोतंत लागू आहे.

आपल्याकडे कृष्णेवर सांगली, सांगलीवाडी आणि आसपासच्या गावांत होड्यांच्या शर्यतींची जुनी परंपरा आहे आणि तिथेही होडी मंडळाची, गल्लीची असते. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत ‘स्वामिनी’ बचत गटाच्या स्त्रिया स्वतः वल्हवत कांदळवनाची सफर घडवतात. म्हणजे सामुदायिक मालकी आपल्याला नवी नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेच्या पुरात सांगलीकडच्या होडीमंडळांतले तरुण लोकांना बाहेर काढत होते. त्याच पुरात ८ ऑगस्टला ब्रह्मनाळजवळ बचावाची होडी उलटून गावकरी बुडाले. प्रशिक्षित हात आणि पुरेशी जीवरक्षक जाकिटे गावात आधीपासून असणे म्हणजे काय, हे त्या दिवशी समजले. वल्हवण्याचा खेळ गावात जिवंत असेल तर ते हात तयार राहतात.

म्हणून येत्या हंगामाआधी मंडळांनी, प्रशिक्षकांनी आणि आयोजकांनी काही गोष्टी ठरवून घ्याव्यात. नवी होडी किंवा कयाक घेताना ती एका पुरस्कर्त्याच्या नावावर न घेता मंडळाच्या नावावर घ्यावी आणि हिशेब वर्गणीदारांपुढे दरवर्षी मांडावा. अनुदान मिळाले तर घ्यावे, पण हंगाम त्यावर अवलंबून ठेवू नये. प्रत्येक वल्हेकऱ्याला जाकीट असल्याशिवाय सरावही करू नये. आणि स्पर्धेची तारीख जाहीर करताना पूर, दुखवटा किंवा साथ आल्यास कोणत्या पर्यायी तारखेला ती होईल, हे त्याच पत्रकात छापावे.