वाचनालयाच्या पाच पायऱ्या

प्रति,
माननीय अध्यक्ष व कार्यकारी मंडळ,
नगर वाचनालय



प्रवेशद्वाराच्या नूतनीकरणाचा आराखडा गेल्या आठवड्यात सूचनाफलकावर लागला. मी तो दोनदा पाहिला, दुसऱ्यांदा वही-पेन्सिल घेऊन. दगडी पायऱ्यांवर काळा ग्रॅनाइट, ओसरीला काचा, आत वातानुकूलित स्वागतकक्ष, सागवानी दाराच्या जागी सरकतं दार, भिंतीवर चकचकीत पत्र्याचं आवरण. वर्तमानपत्रांचा विभाग मागच्या खोलीत.

पुराच्या रात्री खालच्या कपाटांतली पुस्तकं डोक्यावरून माडीवर नेणारी माणसं या मंडळात आहेत. त्यांना वाचनालयाची कळकळ नाही असं मी कधीच म्हणणार नाही. पण पायाला कुदळ लागल्यावर बोलून उपयोग नसतो, म्हणून आत्ताच लिहिते आहे.

आधी ओसरीबद्दल. सकाळी साडेसात वाजता तिथे या. लाकडी पट्टीत अडकवलेली वर्तमानपत्रं उतरत्या मेजावर मांडलेली असतात आणि माणसं उभ्यानंच वाचतात. रात्रपाळी करून घरी निघालेला पहारेकरी असतो. स्टँडवर नंबर लावून आलेले दोन-तीन रिक्षावाले असतात. स्पर्धा परीक्षेची मुलं अग्रलेख वहीत उतरवून घेतात. बाजाराच्या दिवशी भाजी विकायला आलेल्या बाया पहिल्या पायरीवर टेकतात आणि त्यातली एखादी आत वाकून दहावीच्या निकालाची तारीख विचारते. यांतले बहुतेक जण सभासद नाहीत. त्यांना कुणी नाव विचारत नाही, चपला काढायला सांगत नाही. या विभागाला आपण ‘मुक्तद्वार’ म्हणतो. ओसरी रस्त्याला लागून आहे आणि तिला दारच नाही, म्हणून तो शब्द आजवर खरा राहिला.

काच आली की दार येतं, दार आलं की टेबल येतं, टेबलामागे माणूस येतो. तो कितीही भला असला तरी मळक्या कपड्यातला माणूस त्याच्यासमोरून मागच्या खोलीपर्यंत चालत जाणार नाही. तो रस्त्यावरूनच पुढे जाईल. मंडळाच्या वार्षिक अहवालात वाचकसंख्या घटल्याची नोंद होईल आणि कारण मोबाइलचं दिलं जाईल.

महाराष्ट्रातली जुनी वाचनालयं आठवा. रत्नागिरीचं 1828 चं, नगरचं 1838 चं, नाशिकचं 1840 चं, पुण्याचं 1848 चं, कोल्हापूरचं 1850 चं. आपलं त्यांच्या मागून आलं. ‘नेटिव्ह जनरल लायब्ररी’ म्हणून सुरू झालेल्या अशा संस्थांत आरंभी साहेब, सरकारी नोकर आणि वर्गणी परवडणारी मोजकी मंडळी येत. सर्वसामान्यांना आत यायला पुढे कितीतरी वर्षं लागली. 1967 च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यानंतर सरकारी अनुदानाची घडी बसली. त्या पैशात भाजीवालीचाही पैसा आहे.

आता पायऱ्या. मला शाळेत मराठी शिकवणारे गुरुजी गेली चार वर्षं चाकाच्या खुर्चीत आहेत. दर शनिवारी मुलगा त्यांना रिक्षातून वाचनालयापर्यंत आणतो. गुरुजी रिक्षातच बसून राहतात. ग्रंथपालबाई चार पुस्तकं छातीशी धरून खाली येतात, गुरुजी त्यातलं एक ठेवून घेतात. परवा मी शेजारी उभी होते. चारांतली तीन त्यांची वाचून झालेली होती. चौथं त्यांना नको होतं, पण बाईंना पुन्हा पायऱ्या चढायला लागू नयेत म्हणून त्यांनी ते घेतलं. ज्यांनी आम्हाला कपाटासमोर उभं राहून पुस्तक कसं निवडायचं ते शिकवलं, पान उलटायच्या आधी प्रस्तावना चाळायला लावली, त्यांना स्वतःला चार वर्षांत कपाट दिसलेलं नाही.

जोतं उंच आहे ते नदीमुळे. 2005 साली पाणी तिसऱ्या पायरीला टेकलं, 2019 च्या ऑगस्टमध्ये चौथी बुडाली, ओसरी मात्र कोरडी राहिली. ज्याने हे जोतं बांधलं त्याला कृष्णा ठाऊक होती. ते उतरवा असं मी म्हणत नाही. पायऱ्यांच्या बाजूने उतार करा, एवढंच मागणं आहे.

मी मोजमाप केलं आहे. पाच पायऱ्या, प्रत्येक 7 इंचांची, म्हणजे चढ 35 इंच. 1 इंच चढाला 12 इंच लांबी हे प्रमाण धरलं तर उतार 35 फुटांचा होतो, मध्ये खुर्ची थांबवायला 5 फुटांची सपाट जागा, मिळून 40 फूट. डावीकडच्या कुंपणभिंतीलगत, जिथे आज दुचाक्या लागतात, तिथे 52 फूट आहेत. वर-खाली वळायला जागा सोडूनही उतार बसतो. दोन्ही बाजूंना कठडा हवा. आणि तो समोरूनच हवा. मागच्या बोळातून, कचऱ्याच्या डब्यांशेजारून आणलेला उतार कागदावर नियम पुरा करतो, पण गुरुजींना चोरवाटेने आत घेतो.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 मध्ये झाला, त्याचे नियम 2017 च्या जूनमध्ये आले, आणि लोकांच्या वापरातल्या जुन्या इमारती सुगम करण्यासाठी त्यात पाच वर्षांची मुदत होती. ती 2022 लाच संपली. आराखड्यात मात्र उताराची एक रेघही नाही.

साहित्याबद्दल थोडं. आपल्या भिंती दगड आणि चुन्याच्या आहेत. जमिनीतली ओल अशा भिंतीत चढते आणि चुन्यातून बाहेर पडते, भिंत श्वास घेत असते. वरून सिमेंटचा गिलावा किंवा पत्र्याचं आवरण चढवलं की ओल आत कोंडते. पश्चिमेच्या भिंतीचा खालचा भाग आपण मागे सिमेंटने लिंपला होता, तिथे लोणा लागून पापुद्रे सुटले आहेत. हात फिरवला की तळव्याला पांढरी भुकटी लागते. मुंबईत काळा घोडा इथल्या डेव्हिड ससून ग्रंथालयाची 1870 ची वास्तू अलीकडे दुरुस्त झाली तेव्हा मधल्या काळात घातलेला काँक्रीटचा स्लॅब काढून उतरतं छप्पर परत बसवलं गेलं. एकदा चुकीचं घालायचं आणि मग खर्च करून काढायचं, हे आपल्याला परवडणारं नाही.

ग्रॅनाइट तर नकोच. पावसाळ्यात ओल्या चपलांनी चढणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला तो पाडेल. जुना काळा दगड झिजून गुळगुळीत झाला आहे हे खरं, पण जात्याला लावतात तशी त्याला पाथरवटाकडून टाकी लावून घ्या, पुन्हा पकड येईल. चौथ्या पायरीवरची पुराची खूण तेवढी राखायला सांगा. दाराच्या सागवानाला काहीही झालेलं नाही. त्यावरचे तैलरंगाचे थर खरवडून जवसाचं तेल द्या. उंबरठा चार इंच वर आहे, तो जमिनीशी सपाट करा, त्यात हळहळण्यासारखं काही नाही. दिवे हवेतच, ओसरीत चांगले पांढरे दिवे हवेत, संध्याकाळी बारीक टाइप दिसत नाही.

देणगीदारांच्या नावाचा फलक प्रवेशाशी लावायचा ठरला आहे असं कळतं. उताराच्या खर्चासाठी मी माझ्याकडून पंचवीस हजार रुपये देते. त्या फलकावर माझं नाव नको.

येत्या रविवारी सकाळी आठ वाजता मी टेप घेऊन फाटकाशी थांबते. गुरुजींचा मुलगा त्यांना घेऊन येणार आहे. मंडळापैकी जे येतील त्यांनी आराखड्याची प्रत सोबत आणावी. दुचाक्या तासभर पलीकडे लावायला मी रिक्षा स्टँडवर सांगून ठेवलं आहे, चुन्याच्या फक्कीने उताराची रेघ जागेवरच आखून पाहू.

आपली,
एक आजीव सभासद