बॅग हलकी झाली, पण ओझं कुठं गेलं?



दिवाळी झाली, चातुर्मास संपला की आपल्या घरांत यात्रेचे बेत सुरू होतात. कुणी शिखरजीला निघतं, कुणी श्रवणबेळगोळला, कुणी जवळच्या कुंथलगिरीला. तिकिटं निघाली की पहिला वाद सामानाचा. यंदा त्या वादात नवीन शब्द आलाय, मिनिमलिझम. एका सॅकमध्ये दहा दिवस कसे काढायचे याचे व्हिडिओ मुली-सुना आपल्याला दाखवतात. "आई, बघ, सात कपड्यांत अख्खी ट्रिप!"

कमी सामान मलाही हवंच आहे. अपरिग्रहाचं नाव रोज घेणाऱ्या घरात ते कुणाला नको असेल? पण हलक्या बॅगेचं कौतुक चाललेलं असताना एक प्रश्न कुणी विचारत नाही. त्या बॅगेतून बाहेर काढलेलं ओझं गेलं कुठं? ते खरंच कमी झालं, की दुसऱ्याच्या खांद्यावर गेलं? दुसऱ्याच्या खांद्यावर गेलं असेल, तर तो अपरिग्रह नव्हे. ती नुसती सामानाची अदलाबदल झाली.

सुरुवात घरापासूनच करू. घरातल्या पुरुषांची बॅग बघा. तीन शर्ट, दोन पँट, दाढीचं सामान. एका हातात बॅग धरून ते फलाटावर उभे असतात आणि आपल्याकडे बघून हसतात, "बायकांच्या बॅगा म्हणजे काय विचारू नका!" आता ती बायकांची बॅग उघडून बघा. सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्या, नातवाचा स्वेटर, सगळ्यांची पूजेची वस्त्रं, अष्टद्रव्याची डबी, पाणी गाळायचं फडकं, सुई-दोरा, चार जणांचे टॉवेल, आणि तळाशी ह्यांचाच मोबाइलचा चार्जर. त्यांची बॅग हलकी आहे कारण आपली जड आहे. तरी "मला बाई काही लागत नाही" असं म्हणण्याचा मान त्यांचा, आणि "किती हा पसारा" हे ऐकून घ्यायचं आपण.

आपल्या आचार्यांनी श्रावकाला काय सांगितलंय ते आठवा. मुनींसारखा सर्वस्वाचा त्याग सांगितलेला नाही. मुनींकडे पिंछी, कमंडलू आणि शास्त्र. आर्यिका मातांकडे अंगावरच्या पांढऱ्या साडीशिवाय धुण्या-वाळवण्यापुरती दुसरी. आपल्याला घर आहे, म्हणून आपलं व्रत परिग्रह-परिमाणाचं. किती ठेवायचं ते आपण ठरवायचं आणि ती रेघ ओलांडायची नाही. त्याच्या जोडीला भोगोपभोग-परिमाण. अन्नासारखं एकदाच वापरता येतं तो भोग, कपड्या-दागिन्यांसारखं पुन्हा पुन्हा वापरता येतं तो उपभोग. समंतभद्र आचार्यांनी रत्नकरंड श्रावकाचारात हा फरक स्पष्ट सांगितलाय. जन्मभरासाठी घेतला तो यम आणि ठरावीक काळासाठी घेतला तो नियम, हेही तिथंच आहे. दिवस, पंधरवडा, महिना अशा मुदतीनं अन्न, वाहन, अंथरूण, वस्त्र, दागिने यांची मर्यादा घालून घ्यावी असं त्यांनी लिहून ठेवलंय. म्हणजे यात्रेच्या दहा दिवसांसाठी कपड्यांची संख्या ठरवणं ही परदेशातून आलेली कल्पना नाही. ती आपल्या पाठशाळेत शिकवलेली गोष्ट आहे.

पण व्रत ज्याचं त्यानं पाळायचं असतं. नवऱ्याचं परिमाण बायकोच्या बॅगेत भरून पूर्ण होत नाही. कृत, कारित, अनुमोदना हे तीन शब्द आपण लहानपणापासून ऐकतो. स्वतः केलं, दुसऱ्याकडून करवलं, केलेल्याला मान दिला, तिन्हींचा दोष लागतो. मग स्वतः कमी नेलं आणि दुसरीकडून नेववलं, हे 'कारित' नाही तर काय?

आता आपल्याकडे वळू, कारण सगळं खापर पुरुषांवर फोडायला मी बसलेली नाही. महिला मंडळाची यात्रा निघाली की पहिला निरोप कशाचा येतो? साड्यांचा! पहिल्या दिवशी केशरी, दुसऱ्या दिवशी पिवळी, विधानाला लाल काठाची, परतीला सगळ्यांची एकसारखी. सुती साडी साधारण अर्धा किलो भरते, जरीची त्याच्या दुप्पट. पाच साड्या, त्यावरचे परकर-ब्लाउज, जुळणाऱ्या बांगड्या, आणि हे सगळं कशासाठी, तर टोंकेसमोरच्या फोटोसाठी. माझ्या माहितीतल्या एका मावशींनी अशा यात्रेतून नाव मागं घेतलं. कारण विचारलं तर म्हणाल्या, "तिकिटाचे पैसे जमवले गं, साड्यांचे कुठून आणू?" त्यांची सिद्धक्षेत्राची वंदना आपल्या हौसेनं हुकली. यात हिंसा नाही असं कुणी म्हणेल का? आणि त्या साड्या रेशमी असतील तर बोलायलाच नको. रेशमासाठी कोशातला जीव उकळत्या पाण्यात जातो, हे ठाऊक असूनही आपण ती नेसून अहिंसेचा जयघोष करतो.

दुसरी गोष्ट खाऊची. "बाहेरचं शुद्ध मिळत नाही" म्हणत आपण पीठ, दशम्या, चटण्या, लाडू, चिवडे यांनी एक वेगळी बॅग भरतो. शुद्धतेची काळजी योग्यच आहे. पण शुद्धता म्हणाल तर तिची मर्यादाही पाळा. पिठाची मर्यादा पावसाळ्यात ३ दिवस, उन्हाळ्यात ५, हिवाळ्यात ७. मग दहा दिवसांच्या यात्रेला घरून दहा दिवसांचं पीठ नेण्यात कुठली शुद्धी? ते ओझं धर्मासाठी नसतं, आपल्या मनाच्या समाधानासाठी असतं. रेल्वेतल्या दोन दिवसांपुरतं न्यावं. शिखरजीच्या पायथ्याशी, मधुबनात, तेरापंथी आणि बीसपंथी कोठ्या आहेत, धर्मशाळा आहेत, भोजनालयात सूर्यास्ताआधी जेवण मिळतं. रेल्वे थर्ड एसीच्या तिकिटावर माणशी ४० किलो फुकट नेऊ देते. पण रेल्वेनं मुभा दिली म्हणजे धर्मानं दिली असं नव्हे.

आणि व्हिडिओतल्या मुलींनाही एक सांगायचंय. "काही नेऊ नका, लागेल ते तिथं जाऊन घ्या" हा सल्ला मला पटत नाही. घरची स्टीलची बाटली ठेवून द्यायची आणि रोज प्लॅस्टिकच्या तीन बाटल्या विकत घ्यायच्या, साबण-शॅम्पूच्या पुड्या फोडून टाकायच्या. तुमची सॅक हलकी झाली, पण तो कचरा ज्या पहाडावरून २० तीर्थंकर मोक्षाला गेले त्या पहाडावर पडला. कमी सामानासाठी महागडी नवी सॅक आणि खास कपडे घेणं हाही परिग्रहच. घरात आहे त्यातलंच निवडून कमी न्या.

कुणी म्हणेल, "आपण सामान कमी नेलं तर हमालाचं पोट कसं भरायचं?" त्याला पैसे द्यायला त्याच्या डोक्यावर चार बॅगा ठेवाव्याच लागतात का? एक ठेवा आणि घासाघीस न करता मजुरी द्या. ज्यांचे गुडघे साथ देत नाहीत त्यांनी डोलीही जरूर करावी, माझं त्याबद्दल काही म्हणणं नाही. माझं म्हणणं आपल्या हौसेच्या वजनाबद्दल आहे. शिखरजीची वंदना साधारण २७ किलोमीटरची. ९ चढ, ९ वरच्या टोंकांची फेरी, ९ उतार. मध्यरात्रीनंतर अनवाणी निघायचं. त्या चढावर आपली पिशवी धरणारा माणूस तीच वाट चालत असतो, हे विसरू नका.

मग न्यायचं काय? थंडीतल्या आठ-दहा दिवसांसाठी माझा हिशोब असा. अंगावरचा एक आणि बॅगेत दोन रोजचे सुती जोड, रात्री धुतले की सकाळी वाळतात. पूजेच्या वस्त्रांचा एक वेगळा जोड, तो स्वच्छ पिशवीत. एक स्वेटर, एक शाल. पाणी गाळायचं फडकं, स्टीलची बाटली, टॉर्च, स्वतःची औषधं. जपमाळ आणि एक छोटं पूजेचं पुस्तक. दागिने घरी. बॅग भरली की ती स्वतः उचलून घराचा जिना दोनदा चढा-उतरा. दम लागला तर बॅग उघडा आणि पहिल्यांदा हौसेचं बाहेर काढा.

पण यातली सगळ्यात महत्त्वाची ओळ कपड्यांची नाही. ती ही: घरातल्या प्रत्येकानं आपली बॅग आपण भरायची आणि आपण उचलायची. नवऱ्यानं, दहा वर्षांच्या मुलानं, कॉलेजातल्या मुलीनंही. सासूबाईंच्या आणि लहान लेकरांच्या सामानाची वाटणी सगळ्यांत करायची, एकटीनं नाही. त्यांचा चार्जर विसरला तर विसरू दे. पुढच्या वेळी आठवेल.

आणि मंडळाच्या पुढच्या बैठकीत दोन ठराव मांडा. यात्रेत साड्यांचा रंग ठरवायचा नाही, आणि माणशी एकच बॅग. कुणी नाक मुरडलं तर त्या मावशींची गोष्ट सांगा. यादीत त्यांचं नाव पहिलं लिहा.

जय जिनेंद्र.