घरचा दप्तरदार

मीरा रोडच्या कोणत्याही इमारतींत सायंकाळीं पाऊल टाकलें, तर दोन खोल्यांच्या घरांतही एका कोपऱ्यांत संगणक आढळतो, आणि त्याच्यापुढें बहुधा घरांतील शाळकरी मूल बसलेलें असतें. वडील लोकलच्या गर्दींतून उशिरां परततात, आईस घरचें व बाहेरचें काम पुरून उरतें, आणि आजी-आजोबांस त्या यंत्राची भीति वाटते. म्हणून विजेचें बिल, शाळेच्या फीची पावती, रक्ततपासणीचा अहवाल, कोंकणांतील जमिनीचा सातबारा, हें सर्व डाउनलोड करण्याचें काम त्या मुलाकडे येतें. पूर्वीं राजेरजवाड्यांच्या पदरीं दप्तरदार असत. आजच्या घरांत तें पद तेरा-चौदा वर्षांच्या विद्यार्थ्याकडे, कोणीं नेमणूक न करितां, चालून आलें आहे. हा लहान दप्तरदार आपलें काम कसें करितो, याविषयीं आम्हांस दोन शब्द लिहावेसे वाटतात.

कागद उतरवून घेण्यांत तो मोठा तरबेज असतो; परंतु घेतलेला कागद ठेवण्यांत त्याचें मन नसतें. सर्व कांहीं 'डाउनलोड्स' नांवाच्या एकाच फोल्डरांत जाऊन पडतें. फाइलीचें नांव पाठविणाऱ्याच्या यंत्रानें ठरविलेलें असतें. बहुधा तें बारा-पंधरा आंकड्यांची एक माळ असते, किंवा नुसतें 'डॉक्युमेंट' असतें. तेंच नांव पुन्हां आलें, कीं आपलें यंत्र त्यास कंसांत १, मग २, मग ३ असा आंकडा जोडून मोकळें होतें. कागद कोणाचा, कशाचा व केव्हांचा, या तीन प्रश्नांचें उत्तर त्या नांवांत कोठेंच नसतें.

याचें फळ काय होतें, हें आम्हीं स्वतः भोगलें आहे. गेल्या पावसाळ्यांत एका रात्रीं आमच्या मातोश्रींस एकाएकीं घेरी आली. डॉक्टरांनीं फोनवरून मागील तपासणीचा अहवाल ताबडतोब पाठविण्यास सांगितलें. आम्ही संगणक उघडून बसलों, तों समोर 'रिपोर्ट', 'रिपोर्ट (१)', 'रिपोर्ट (२)' असे अकरा रिपोर्ट उभे! पहिला उघडला तो मुलाच्या तापाचा. चवथा उघडला तो आमच्या दिवंगत वडिलांचा निघाला. त्या घाईंतही आमचा हात क्षणभर थांबला. हवा तो कागद नववा होता. मातोश्री सुदैवानें बऱ्या झाल्या. परंतु ती अर्धी घटका आम्ही विसरलों नाहीं. वर्गांत वह्यांवर नांव, इयत्ता व विषय लिहिण्याचा आग्रह धरणारे आम्ही, आणि आमच्याच घरचें दप्तर असें! दोष सर्वस्वीं आमचा होता.

ज्या महाराष्ट्रानें जुन्या कागदांसाठीं एवढा खटाटोप केला, त्यास हा धडा नवा नसावा. इतिहासाचार्य राजवाडे यांनीं 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' या मालेचा पहिला खंड १८९८ सालीं प्रसिद्ध केला, आणि १९१० सालीं पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झालें. पुढें रियासतकार सरदेसाई यांनीं पेशवे दप्तरांतील निवडक कागदांचे ४५ खंड संपादिले. या संशोधकांस एक अडचण पदोपदीं येई. पत्रांत तिथि असे, महिना असे, परंतु पुष्कळ पत्रांत वर्षच नसे. लिहिणारास व वाचणारास तें ठाऊकच होतें. तें लिहावयाचें कशाला? पण त्या एका शब्दाच्या आळसापायीं पुढील विद्वानांस एकेका पत्राचा काल ठरविण्यासाठीं डोकें शिणवावें लागलें. आज आपणांस जें सहज ठाऊक आहे, तेंच उद्यां कोणास ठाऊक नसेल, हें नांव देतांना ध्यानांत धरावें.

नांव कसें द्यावें? प्रथम वर्ष, मग महिना, मग दिवस. नंतर कागद कशाचा तें, आणि शेवटीं कोणाचा तें. उदाहरणार्थ, '२०२५-०७-१४ रक्ततपासणी आजी'. वर्ष पुढें घातल्यानें फाइली नांवाच्या क्रमानें लाविल्या असतां आपोआप कालक्रमानें लागतात. दिवस पुढें घातला, तर सगळ्या महिन्यांच्या पांच तारखा एकत्र येऊन गोंधळ होतो. तारखेंत तिरकी रेघ घालूं नये. विंडोज प्रणालींत ती चालत नाहीं. नांवाच्या शेवटीं बिंदूपुढें 'पीडीएफ' अशीं अक्षरें असतात, तीं पुसूं नयेत. फाइल कोणत्या जातीची, हें यंत्र त्यांवरून ओळखतें. एके काळीं एमएस-डॉस प्रणालींत नांवास आठच अक्षरें मिळत. १९९५ सालीं 'विंडोज ९५' आल्यावर ती मर्यादा २५५ पर्यंत वाढली. जागा एवढी मिळाली असतां आपण 'डॉक्युमेंट (७)' लिहून स्वस्थ बसावें, हें शोभत नाहीं.

कोणी म्हणतील कीं, यंत्रास विचारलें म्हणजे तें शोधून देतें. खरें आहे, परंतु काय विचारावें हें आधीं आठवावें लागतें, आणि कागदाचें नुसतें छायाचित्र असेल, तर त्यांतील अक्षरें यंत्रास पुष्कळदां वाचतां येत नाहींत. कोणी म्हणतील, २०१५ पासून सरकारी डिजिलॉकर आहे. त्याचा उपयोग अवश्य करावा. पण सोसायटीची पावती, डॉक्टरांची चिठ्ठी, आजोबांनीं गांवाहून लिहिलेलें पत्र, हीं तेथें आपोआप कोण पोंचविणार?

नांव दिल्यावर प्रत्येक माणसाचा एक फोल्डर करावा, आणि सर्वांची दुसरी प्रत पेनड्राइव्हवर घेऊन ती संगणकापासून दूर ठेवावी. २६ जुलै २००५ च्या पावसांत मुंबई व आसपासच्या किती कुटुंबांचे कागद भिजून गेले, हें पालकांस सांगावयास नको. यंत्रही पाण्यानें वा विजेच्या झटक्यानें बिघडतें.

विद्यार्थ्यांनो, २०२५ पासून अकरावीचा प्रवेश साऱ्या महाराष्ट्रांत ऑनलाइन झाला आहे. तेव्हां तुमचे दाखले तुम्हांसच लवकर लागतील. परंतु केवळ स्वतःसाठीं हें करूं नका. तुम्ही शाळेंत असतांना आईस एखादा कागद लागला, तर तो तिला तुमच्यावांचून सांपडला पाहिजे; दप्तरदाराची खरी परीक्षा तो घरीं नसतांनाच होते. आणि पालकहो, मुलास 'कागद उतरवलास का?' एवढेंच विचारूं नका. 'कोणत्या नांवानें ठेवलास?' हेंही विचारा, व महिन्यांतून एका रविवारीं त्याच्याजवळ बसून तें दप्तर पाहा.

आमच्या घरीं आतां मातोश्रींचा फोल्डर निराळा आहे. वडिलांचे कागदही आम्हीं पुसले नाहींत. त्यांवर त्यांचें नांव व साल घालून ते नीट ठेविले आहेत.