मैदानाची चावी

'झुंड' २०२२ मध्ये आला. पिक्चर पाहून आमच्या बुऱ्हाणपूरच्या गल्लीतले सगळे बच्चनबद्दलच बोलत होते. माझ्या डोक्यात मात्र त्यातली भिंत राहिली. आत कॉलेज, बाहेर झोपडपट्टी, मधे ती भिंत. आणि ज्यांच्यावरून बच्चनची भूमिका घेतली ते विजय बारसे सर खरोखरच नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात खेळाचे शिक्षक होते. म्हणजे आपल्यासारख्याच एका ख्रिस्ती कॉलेजात!

गोष्ट २००१ ची. पावसात झोपडपट्टीतली पोरं एका तुटक्या बादलीला लाथा मारत खेळताना सरांना दिसली. त्यांनी पोरांना फुटबॉल दिला. पुढे झोपडपट्ट्यांच्या टीमची स्पर्धा भरवली आणि तिला सरळ 'झोपडपट्टी फुटबॉल' म्हटलं. नाव बदलून काही झाकलं नाही, हे मला फार आवडतं. निवृत्तीच्या पैशांतून जमीन घेतली. अमेरिकेत असलेला मुलगा परत येऊन याच कामाला लागला. त्यातून 'स्लम सॉकर' उभी राहिली, पोरं बेघरांच्या विश्वचषकापर्यंत गेली, मुलींच्या टीम झाल्या आणि २०१६ मध्ये संस्थेला फिफाचा डायव्हर्सिटी पुरस्कार मिळाला. पिक्चर त्यानंतर आला.

पुरस्कार वगैरे ठीक आहे. पण मला वाटतं, सर दुसऱ्या दिवशी परत गेले, हे जास्त महत्त्वाचं. फुटबॉल देऊन, फोटो काढून घरी जाणारे पुष्कळ असतात. नाताळात आपणही ब्लँकेट वाटतो की! वाटू नयेत असं नाही, थंडी खरीच असते. पण जानेवारीत त्या वस्तीत आपल्यापैकी कोण जातं? मी तरी गेलेलो नाही.

अमेरिकेत जे. जे. वॉट नावाचा खेळाडू होता. तिकडचा फुटबॉल वेगळा, चेंडू हातात धरून पळायचा. वॉट बचावाच्या पहिल्या फळीतला: समोरच्या धिप्पाड गड्यांना रेटत जायचं आणि चेंडू फेकणाऱ्याला आडवं करायचं. वर्षाचा सर्वोत्तम बचावपटू तो तीनदा ठरला. २०१७ मध्ये हार्वे वादळाने ह्यूस्टन बुडालं तेव्हा त्याने दोन लाख डॉलर जमवायचं आवाहन केलं. तीन आठवड्यांच्या आत तीन कोटी सत्तर लाखांवर जमले. लोकांना तेच आठवतं. पण व्यावसायिक खेळात उतरण्याआधीच, २०१० मध्ये, त्याने एक संस्था काढली होती. ज्या शाळांकडे खेळासाठी पैसे नाहीत तिथल्या सहावी ते आठवीच्या मुलांना साहित्य आणि गणवेश मिळावेत म्हणून. तेव्हा तो काही श्रीमंत नव्हता. म्हणून 'आधी मोठे होऊ, मग देऊ' हे आपलं नेहमीचं बोलणं मला पटत नाही. बारसे सर तर पगारावरचे मास्तर. आणि खेळाच्या मास्तरांना स्टाफरूममध्ये किती मान असतो ते सांगायला नको. आम्ही साहित्याची पोरं तर 'पीटीवाले' म्हणून हसतोच.

आता आपल्याकडे या. आपलं मैदान पाच वाजता रिकामं होतं आणि गेटला कुलूप लागतं. पलीकडे पॉवरलूमची खटखट. लूमवर काम करणाऱ्यांची पोरं गल्लीत खेळतात, दर दोन मिनिटांनी गाडी आली की थांबतात. एकदा त्यांचा चेंडू आत आला. वॉचमन काकांनी तो बाहेर फेकला, पण पोरांना आत येऊ दिलं नाही. काकांची चूक नाही, चावी त्यांची नाही.

मी हे बोललो तर मित्र म्हणाले, काचा फुटतील, सायकली चोरीला जातील, पोरं शिव्या देतात. काचा आपल्या टीमनेही फोडल्यात, दोन तर माझ्यासमोर. शिव्यांचं म्हणाल तर आपली इंटरक्लास मॅच ऐकून या. सायकलींचा प्रश्न खरा आहे. म्हणून रोज आपल्यातल्या दोघांनी थांबायचं, शिट्टी आणि चावी त्यांच्याकडे.

प्राचार्यांना द्यायचा अर्ज लिहून झालाय. सोमवार ते शनिवार, संध्याकाळी पाच ते सात. वाचनालयात वर्तमानपत्रांच्या टेबलावर ठेवलाय. सही करणाऱ्याने नावापुढे आपला वारही लिहायचा आहे. मंगळवार माझा.