गाणे, खटले आणि नव्याण्णव सेंट

चोर पकडणे एक वेळ सोपे. पण आपले गिऱ्हाईक चोरीकडे का वळले, हे स्वतःला विचारणे अवघड. अमेरिकेतील संगीत कंपन्यांनी सोपा मार्ग धरला आणि त्यात त्यांची जवळजवळ दहा वर्षे गेली.

जून १९९९ मध्ये शॉन फॅनिंग या अठरा वर्षांच्या तरुणाने 'नॅपस्टर' सुरू केले. एकाच्या संगणकावरचे गाणे दुसऱ्याला फुकट मिळू लागले. मित्राची कॅसेट उतरवून घेणे आपल्याकडेही घरोघरी चाले; पण ती एखाददुसरी नक्कल असे, ही लाखोंची होती. कंपन्यांनी त्याच डिसेंबरात न्यायालय गाठले आणि जुलै २००१ मध्ये नॅपस्टर बंद पडले. खटला जिंकला, गिऱ्हाईक मात्र परतले नाही. ते 'काझा'सारख्या नव्या ठिकाणी गेले.

मग कंपन्या श्रोत्यांवरच उलटल्या. सप्टेंबर २००३ मध्ये एकाच दिवशी २६१ जणांवर दावे दाखल झाले. त्यांत न्यूयॉर्कमधील बारा वर्षांची एक मुलगी निघाली! दोन हजार डॉलर भरून ते प्रकरण मिटले. डिसेंबर २००८ मध्ये हे सत्र थांबले, तोवर हजारो घरांत नोटिसा पोचल्या होत्या.

कंपन्यांचे दुखणे खोटे नव्हते. १९९९ मध्ये अमेरिकेत १४.६ अब्ज डॉलरची उलाढाल होती. २०१४ पर्यंत ती निम्म्याहून खाली आली. पण एका गाण्यासाठी अख्खी सीडी घ्यायला लावणारे कोण होते? सीडीच्या किमती चढ्या ठेवणाऱ्या पद्धतींबद्दल तिथल्या व्यापार आयोगाने मे २००० मध्ये पाच बड्या कंपन्यांना आवर घातलाच होता.

उत्तर अखेर बाहेरच्यांनी दिले. एप्रिल २००३ मध्ये संगणक बनवणाऱ्या ॲपलने नव्याण्णव सेंटला एक गाणे विकायला काढले. पहिल्याच आठवड्यात दहा लाख गाणी खपली. २००८ मध्ये स्वीडनच्या 'स्पॉटिफाय'ने पाऊल टाकले. ठराविक वर्गणीत हवे ते ऐकता येऊ लागले आणि २०१५ नंतर धंदा पुन्हा वर आला. लोक पैसे द्यायला तयार होते. दुकानच उघडे नव्हते.

तरी हिशेब पुरा झालेला नाही. एकदा गाणे वाजले की हक्कदारांच्या वाट्याला सेंटचाही अंशच येतो, आणि त्यातून कंपनीचा हिस्सा वजा जातो. चोरी ओसरली, पण जिच्या नावाने हे सारे रामायण घडले, त्या कलावंताच्या ताटात काय पडते, हा प्रश्न अजून उरलाच आहे.