आधी विचारा, मग रागवा

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. रविवारी दुपारी जेवून आम्ही नुकतेच आडवे झालो होतो, तोच मीरा रोडच्या नया नगरमधून एका ओळखीच्या ताईंचा फोन आला. "भाऊ, एकदा येऊन जा. पोरगं हातचं चाललंय." आवाज रडवेला होता. समाजकार्यात असल्यामुळे असे फोन आम्हांला नवे नाहीत. दारू नाहीतर जुगार असणार, असे मनाशी धरून आम्ही छत्री घेतली आणि लोकल पकडली.

घरी जाऊन पाहतो तो प्रकार निराळाच. मुलगा एकोणीस वर्षांचा, बीकॉमच्या पहिल्या वर्षाला दोन विषयांत एटीकेटी लागलेली. वडील भाईंदरला स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशवर. आई घरी बसून इमिटेशन दागिन्यांवर खडे चिकटवते आणि त्याच पैशांतून हप्त्याने घेतलेला जुना कॉम्प्युटर कोपऱ्यात मांडलेला. वडील म्हणाले, "भाऊ, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत हा त्यात विमानं उडवतो. ह्याच्यासाठी घेतला का तो?"

आम्ही स्वतः बीकॉम. वीस वर्षे कारकुनी केलेली. मग काय विचारता! हिशेब न येणाऱ्याला जग कसे फसवते, यावर आम्ही अर्धा तास बोललो. मुलगा मध्ये एकदाच हळू आवाजात म्हणाला, "काका, मी खेळत नाही. मी बनवतोय." आम्ही म्हटले, "बनव नाहीतर खेळ, परीक्षा काही थांबत नाही. आत्ता आमच्यासमोर काढून टाक." तो उठला, कॉम्प्युटरसमोर बसला, दोन-चार बटणे दाबली आणि पुन्हा येऊन खाली मान घालून बसला. आम्ही चहा घेतला आणि एक संसार सावरल्याच्या समाधानात निघालो.

स्टेशनपर्यंत सोडायला खालच्या मजल्यावरच्या शिंप्याचा मुलगा आला. या मुलाचा जिगरी दोस्त. अर्ध्या वाटेवर तो थांबला आणि म्हणाला, "अंकल, आपने आज क्या डिलीट करवाया, मालूम है?"

मग त्याने सांगितले ते असे. 'स्टार वॉर्स' या इंग्रजी सिनेमाचे या दोघांना वेड. त्यातल्या अवकाशातल्या लढाईचा एक खेळ ते आठ महिने स्वतः तयार करीत होते. यानांची चित्रे या शिंप्याच्या पोराची, बाकी सगळी मांडणी आमच्या पोराची. खेळात यानाचे इंधन संपत आले की तळावरून एका बाईचा आवाज येई : "बाळा, आता मागे फीर." तो आवाज पोराने आईकडून मोबाईलवर भरून घेतला होता. आईला वाटले, कॉलेजचे काहीतरी असेल.

लोकलमध्ये बसायला जागा होती, तरी दहिसर जाईपर्यंत आम्ही दरवाज्यातच उभे होतो.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही हे प्रकरण समजून घ्यायला लागलो. कचेरीतल्या तरुण मंडळींना विचारले, काही वाचले. जे कळले ते वाचकांपुढे ठेवतो, कारण आज असा कॉम्प्युटर आणि असा मुलगा पुष्कळांच्या घरी आहे.

'स्टार वॉर्स' हा जॉर्ज लुकास यांचा सिनेमा १९७७ साली आला. खरे तर अवकाशात हवा नाही. म्हणजे तिथे आवाज नाही आणि पंखांवर कलून वळणेही नाही. तरी या सिनेमातली याने लढाऊ विमानासारखी वळतात. त्याचे कारण असे की, लढाईची दृश्ये बसवताना लुकास यांनी दुसऱ्या महायुद्धातल्या विमानांच्या चकमकींची चित्रफीत नमुन्याला घेतली होती. या सिनेमावरून १९९३ मध्ये 'एक्स-विंग' आणि १९९४ मध्ये 'टाय फायटर' असे कॉम्प्युटरचे खेळ बाजारात आले. खेळणारा यानाच्या खुर्चीत बसतो. यानातली शक्ती मर्यादित. ती इंजिनाला किती, तोफांना किती आणि संरक्षक कवचाला किती, हे त्यानेच ठरवायचे. इंजिनाला जास्त दिली तर कवच उघडे पडते. आम्ही हसलो. पगार एक आणि खाती तीन, हा हिशेब आपल्या घरातल्या बायका रोजच करतात!

कंपन्यांनी पुढे असे खेळ काढणे कमी केले, पण रसिकांनी सोडले नाही. 'टाय फायटर'च्या जुन्या मोहिमा काही रसिकांनी १९९९ सालच्या 'एक्स-विंग अलायन्स' या खेळाच्या सांगाड्यावर नव्याने उभ्या केल्या आणि फुकट वाटल्या. अट एकच, मूळ खेळ विकत घेतलेला असला पाहिजे. 'फ्रीस्पेस २' नावाचा अवकाश-लढाईचा दुसरा एक खेळ १९९९ मध्ये आला आणि फारसा खपला नाही. कंपनीने २००२ साली त्याचा कोड, म्हणजे खेळ चालवणारी आतली सगळी लिखावट, लोकांसाठी खुली केली. त्यावर देशोदेशीचे हौशी लोक आजवर विनामोबदला काम करीत आले आहेत. त्याच पायावर 'विंग कमांडर सागा' हा खेळ २०१२ मध्ये तयार होऊन मोफत मिळू लागला. ही मंडळी दिवसा आपापला कामधंदा करणारी. रात्री जागून एकाने यान घडवायचे, दुसऱ्याने आवाज द्यायचा, तिसऱ्याने चुका शोधायच्या.

आणि मुळात कॉम्प्युटरवरची पहिली गाजलेली अवकाश-लढाई तरी कोणी बनवली? कंपनीने नव्हेच. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत १९६२ साली स्टीव्ह रसेल आणि त्यांच्या मित्रांनी 'स्पेसवॉर' नावाचा खेळ तयार केला. हे सगळे अवकाशातल्या साहसाच्या कादंबऱ्यांचे वेडे. ज्या यंत्रावर तो चाले त्याची किंमत तेव्हा सुमारे १,२०,००० डॉलर. पडद्यावर दोन याने आणि मधोमध एक तारा. एका मित्राने ताऱ्याला गुरुत्वाकर्षण दिले. पीटर सॅमसन या दुसऱ्या मित्राला पाठीमागचे आकाश खोटे वाटले, म्हणून त्याने खऱ्या नक्षत्रांचा नकाशा भरला. खेळ कोणी विकला नाही. ज्याने मागितला त्याला प्रत दिली. तो पाहूनच पुढे १९७१ मध्ये नाणे टाकून खेळायचे 'कॉम्प्युटर स्पेस' हे यंत्र बाजारात आले. म्हणजे धंदा मागून आला, आवड आधी होती.

हे सगळे साहेबांच्या देशातले, आपल्याकडे कुठे, असे कोणी म्हणेल. तर नाशिक जिल्ह्यातले मालेगाव घ्या. तिथे व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या शेख नासिर यांनी २००० साली 'मालेगाव के शोले' काढला. खर्च सुमारे पन्नास हजार रुपये. नट सगळे गावातलेच. दरोडेखोरांना घोडे कुठून आणणार? ते सायकलींवर आले. कॅमेरा वर न्यायला क्रेन नाही, तर बैलगाडीचा उपयोग केला. पुढे त्यांनी 'मालेगाव का सुपरमॅन' केला. सुपरमॅन झालेला शफिक हा यंत्रमागावरचा कामगार, अंगाने काटकुळा. त्याला आकाशात उडवायचे म्हणून पाठीमागे हिरवे कापड लावून चित्रण केले आणि मग कॉम्प्युटरवर हिरव्याच्या जागी आभाळ घातले. ही सगळी खटपट फैजा अहमद खान यांनी २००८ च्या माहितीपटात टिपली आहे. शफिक २०११ मध्ये कर्करोगाने गेला. २०२५ मध्ये रीमा कागती यांनी या मंडळींवर 'सुपरबॉईज ऑफ मालेगाव' हा मोठा हिंदी सिनेमा काढला.

मालेगावचे काम खेळाचे नाही, सिनेमाचे आहे. पण वृत्ती तीच. सुपरमॅन परदेशातला, शोले मुंबईचा. यांनी ते उचलले आणि आपल्या गल्लीत, आपल्या बोलीत उतरवले. नया नगरच्या पोराने लुकासच्या अवकाशात आपल्या आईचा आवाज घातला, ते तरी वेगळे काय होते?

आता कायद्याचेही सांगितले पाहिजे. दुसऱ्याच्या सिनेमातली पात्रे, याने, नावे ही त्याची मालमत्ता. आपल्याकडेही १९५७ चा कॉपीराइट कायदा आहे. रसिकांचे असे खेळ मालक खपवून घेतो तोवरच चालतात. 'स्टार वॉर्स'च्याच एका जुन्या खेळाचा 'एपिरॉन' नावाचा नवा अवतार काही तरुण करीत होते; २०१८ मध्ये लुकासफिल्म कंपनीने त्यांना थांबवले. तेव्हा अशा खेळाचे पैसे घेऊ नयेत आणि मालकाने नको म्हटले तर वाद घालू नये. पण नावे गेली तरी हातात आलेली विद्या जात नाही. तीच विद्या उद्या स्वतःच्या गोष्टीला लावता येते.

आणि साधनांचे म्हणाल तर, यान घडवायचे 'ब्लेंडर' नावाचे साधन आज मोफत मिळते. ते बनवणारी कंपनी बंद पडली, तेव्हा २००२ साली लोकांनी एक लाख युरोची वर्गणी काढून ते सर्वांसाठी मोकळे करून घेतले. वर्गणीची ताकद आपल्या वस्तीला वेगळी सांगायला नको.

पुढच्या रविवारी आम्ही न बोलावता नया नगरला गेलो. आईवडिलांच्या समोर मुलाला म्हणालो, "आम्ही चुकलो. तू सांगत होतास आणि आम्ही ऐकले नाही." मुलगा काही बोलला नाही. आठ महिन्यांचे काम गेलेल्या माणसाने बोलावे तरी काय? मग शिंप्याचा मुलगा पेन ड्राइव्ह घेऊन वर आला. त्यात तीन महिन्यांपूर्वीची एक प्रत होती. याने शाबूत होती, लढाईचा थोडा भागही होता. आवाज मात्र नव्हते.

"माझा आवाज? तो कशाला लागतो?" ताईंनी विचारले. मुलाने पहिल्यांदाच आईला नीट समजावून सांगितले. ताईंनी खड्यांचे ताट बाजूला सारले, पदराला हात पुसले. घरघर नको म्हणून पंखा बंद केला, गॅसवरचा कुकर उतरवला. घामाने निथळत त्यांनी ते वाक्य पाच वेळा म्हटले, तेव्हा कुठे मुलाच्या मनासारखे झाले. दारात उभे असलेले वडील म्हणाले, "आणि मी काय बोलायचं?"

आम्ही मग कागदावर करार लिहिला. रोज दीड तास अकाउंट्स, त्यानंतर यान. बारा वाजता कॉम्प्युटर बंद, कारण वडिलांना पहाटे पाळीला जायचे असते. रविवारी अकाउंट्स आम्ही शिकवायचे. दोन एटीकेटींपैकी एक सुटली आहे, एक अजून आहे. खेळही अजून पुरा नाही. सगळे सुरळीत झाले असे आम्ही म्हणणार नाही.

वाचकहो, कॉम्प्युटरपुढे बसलेले प्रत्येक पोर काही बनवत असते, असे समजू नका. पुष्कळजण नुसते खेळतात. काहीजण पैसे लावून खेळतात आणि घर बुडवतात. अशा ऑनलाइन खेळांवर २०२५ मध्ये केंद्र सरकारला कायद्याने बंदी आणावी लागली. म्हणूनच फरक ओळखायला हवा. तो ओरडून ओळखता येत नाही. शेजारी स्टूल ओढून बसा आणि तीन प्रश्न विचारा. हे तू खेळतोस की बनवतोस? यात पैसे जातात का? मला दाखवशील का? तिसऱ्या प्रश्नाला मुलगा खुर्ची सरकवून जागा करून देतो की पडदा झाकतो, त्यावरून तुम्हांला पुष्कळ कळेल.

आम्ही यातला एकही प्रश्न विचारला नव्हता. परवा नया नगरला गेलो तेव्हा पोराने आम्हांला यानात बसवले. कवचाची सगळी शक्ती आम्ही इंजिनाला दिली आणि दोन मिनिटांत आमचे यान फुटले. वडील हसून म्हणाले, "भाऊ, हिशेब चुकला तुमचा."